साक्षीदाराच्या जागी सही

“ही साक्षीदाराची सही कुणाची आहे?” वकीलबाईंनी पानावरून नजर न उचलता विचारलं.

थांबाबाई स्टुलावर चढून कपाटाच्या वरच्या खणातली फाईल काढत होत्या. गेले तीन दिवस त्या प्रत्येक प्रश्नाला पाठमोऱ्याच उत्तर देत होत्या. कुठलं गाणं, कुठलं साल, बासरीला कोण होतं, कुणाला त्या दिवशी पडसं झालं होतं, सगळं तोंडपाठ. या प्रश्नाला मात्र त्या फाईल तिथेच ठेवून खाली उतरल्या.

“कुठल्या गाण्याचं पान?” त्यांनी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

“निरोपाच्या गाण्याचं,” वकीलबाई म्हणाल्या. “आमच्या शाळेत शेवटच्या दिवशी हेच लावायचे. सगळा वर्ग मुळुमुळू रडायचा. मी पण.”

एक मोठी कंपनी हा स्टुडिओ त्यातल्या सगळ्या गाण्यांसकट विकत घेणार होती. प्रत्येक गाणं नक्की कुणाकुणाचं आहे, हे आधी तपासायला तिने या वकीलबाईंना पाठवलं होतं. तिशीच्या, चुणचुणीत, चष्मा केसांवर आणि पेन्सिल कानावर. पहिल्या दिवशी येताना त्यांनी गृहीत धरलं होतं, की जुन्या स्टुडिओत जे असतं तेच इथेही असणार : निम्मे कागद गहाळ, उरलेल्यांवर चहाचे डाग. पण थांबाबाईंनी कपाट उघडलं, आणि सव्वीस वर्षांची पानं तारीखवार, गाणंवार, सहीनिशी समोर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी आपल्या साहेबांना फोन करून सांगितलं, की इथे एक बाई आहेत, त्यांच्या कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवावा. हे थांबाबाईंनी शेजारच्या खोलीतून ऐकलं होतं, आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नव्हती.

थांबाबाई हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. रेकॉर्डिंग संपलं, वादकांनी वाद्यं पेट्यांत घातली, गायिकेने चपला शोधायला सुरुवात केली, की दारात ही बाई हातात एक छापील पान घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, “थांबा.” शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाजवलं कुणी, गायलं कुणी, ध्वनिमुद्रण कुणाचं, असे त्या पानावर रकाने. खाली साक्षीदार. आधी पान मोठ्याने वाचून दाखवायचं, मग ज्याची त्याची सही, आणि मगच दार मोकळं. एकदा एका ट्रम्पेटवाल्याची गाडी चुकली. पुढची दोन वर्षं बाईंना पाहिलं, की तो लग्नातल्या वरातीसारखी जोरात ट्रम्पेट वाजवून रस्ता मागायचा. बाई ढिम्म. वाजवून झालं, की “थांबा.”

नवख्यांना त्या समजावून सांगायच्या, तेही चुलीवर दूध ठेवल्यासारख्या घाईत नाही, अगदी निवांत. “हे बघा, गाणं म्हणजे एक घर नाही, तीन घरं. शब्दांचं एक, चालीचं एक आणि आज इथे जे टेपवर उतरलं त्याचं एक. तिन्हींच्या किल्ल्या वेगळ्या. तुम्ही आज कुठली किल्ली देताय आणि कुठली खिशात ठेवताय, ते घरी जायच्या आधी कळलं पाहिजे. दाराबाहेर पडलात, की प्रत्येकाला आपलंच आठवतं.” एका कोवळ्या गायिकेसमोर स्टुडिओच्या मालकांनी करार ठेवला होता. तिचा आवाज, सर्व माध्यमांत, आजन्म. मुलगी पेन उघडून बसली होती. बाईंनी ‘आजन्म’ हा शब्द तीनदा वाचला, प्रत्येक वेळी जरा मोठ्याने. तिसऱ्यांदा ती मुलगी म्हणाली, “म्हणजे मी म्हातारी होईपर्यंत?” त्या करारात शेवटी ‘पाच वर्षे’ असं लिहिलं गेलं. मालक आठवडाभर बाईंशी बोलले नाहीत, पण त्यांनी बाईंना काढलंही नाही. कारण भांडण घेऊन कोर्टात गेलेले सगळे स्टुडिओ त्यांनी पाहिले होते, आणि त्यांचा स्टुडिओ एकदाही गेला नव्हता.

अशा बाईंना आज वकीलबाई एका सहीबद्दल विचारत होत्या. “आमच्या इथल्या वायरमनची” एवढं उत्तर पुरलं असतं. ते खोटंही नव्हतं. वकीलबाईंनी टिकमार्क करून पान उलटलं असतं.

“माझ्या भावाची,” थांबाबाई म्हणाल्या. “तो इथे वायरमन होता.”

“बरं. साक्षीदार.”

“नाही. तो साक्षीदार नव्हता. हे पान चुकीचं आहे.”

वकीलबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. थांबाबाई समोरच्या खुर्चीत बसल्या आणि जे सव्वीस वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्यांनी सांगितलं.

नवरा गेला तेव्हा त्यांची मुलगी पहिलीत होती. दादाने मालकांकडे शब्द टाकला, की बहीण लिहायला-वाचायला चोख आहे, आणि बाईंना नोकरी लागली. चार महिने झाले असतील. निरोपाच्या गाण्याचं रेकॉर्डिंग चाललं होतं आणि मधल्या दोन ओळींपाशी गाडी अडली होती. मास्तरांनी, म्हणजे संगीतकारांनी, पाच चाली लावून पाहिल्या. एकही बसेना. शेवटी ते वैतागून म्हणाले, चहा घ्या सगळे. दादा शिडीवर चढून छतावरच्या पंख्याची वायर बदलत होता. तोंडात स्क्रू धरलेला. तो काढून खिशात टाकला आणि आपल्याच नादात त्या दोन ओळी त्याने गुणगुणल्या, पण वेगळ्याच वळणाने. शेवटचा स्वर वर न्यायच्या ऐवजी खाली सोडून दिला, जसं कुणी सामान दाराशी हळूच खाली ठेवावं तसा. मास्तर कप घेऊन शिडीखाली आले. “परत म्हणा,” म्हणाले. दादाला वाटलं, आवाज केला म्हणून रागावले. तो माफी मागायला लागला. “अहो, परत म्हणा हो!”

गाण्यात त्या दोन ओळी तशाच गेल्या. आजही ज्या ठिकाणी लोकांचे डोळे भरून येतात ती जागा तीच.

“जाताना मास्तर मला म्हणाले, वायरमनचं नाव चालीच्या रकान्यात माझ्या खाली लिहा,” थांबाबाई सांगत होत्या. “आणि मला घाम फुटला. म्हटलं, लोक काय म्हणतील? कालची आलेली बाई, भावाच्या वशिल्याने लागली, आणि आता भावालाच संगीतकार करून टाकला! आपला तो बाब्या. मी नाव नाही लिहिलं. पण खोलीत होता तो, म्हणून कुठेतरी हवा, म्हणून साक्षीदारात सही घेतली. दादाला म्हटलं, इथे कर. आणि ते एकच पान मी वाचून दाखवलं नाही.”

“मास्तरांनी सही करताना पाहिलं नाही?”

“ते कधीच वाचत नसत. मी वाचते म्हणून ते ऐकत. त्या दिवशी मी वाचलं नाही, आणि ते घाईत होते.”

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर अर्धवट ओढलं. वकीलबाईंनी ते पान पुन्हा हातात घेतलं. “तुम्ही गप्प बसला असतात तर मला कधीच कळलं नसतं,” त्या म्हणाल्या. “कागद स्वच्छ आहे. उलट आता प्रश्न येईल. बाकीच्या पानांवर आम्ही तुमच्या शब्दावर भरवसा ठेवलाय. एक चुकीचं असेल, तर बाकीची कशावरून बरोबर? आणि नाव कुणाचं घालायचं, तर तुमच्याच भावाचं. नेमकं विक्रीच्या वेळेला.”

“हो ना,” थांबाबाई म्हणाल्या. “मीसुद्धा तुमच्या जागी हेच विचारलं असतं.”

दुपारी मालकांना कळलं. मालक तसे वाईट नव्हते. मधुमेह, गुडघे आणि परदेशी गेलेला मुलगा अशा तीन गोष्टींनी त्यांना विक्रीची घाई झाली होती. “अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची!” ते ओरडले. “सव्वीस वर्षं भाऊ काही बोलला नाही, मास्तरांनी कधी कागद बघायला मागितला नाही, आणि तुम्ही स्वतःच स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेताय! आता एकेका पानाची फेरतपासणी होणार. दोन महिने गेले.” मग जरा थांबून, खालच्या आवाजात म्हणाले, “आणि बाई, राग मानू नका, पण हिस्सा मिळायची वेळ आली तेव्हाच भाऊ कसा आठवला?”

हाच प्रश्न त्यांना सव्वीस वर्षं नको होता. म्हणून तर हे सगळं झालं होतं. आता तो समोर आला, तेव्हा मात्र बाईंना वाटलं होतं तेवढं काही लागलं नाही. “विचारतील लोक,” त्या म्हणाल्या. “विचारू देत. मी इतक्या जणांना दारात अडवून सांगितलं, की खरं नाव लिहा. माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचं नाव मी खाल्लंय, मालक. फाईल तुमच्या हातातून गेली, की मग ते कायमचं गेलं.”

मालकांनी चष्मा पुसला, परत घातला. “जा,” म्हणाले. “मास्तरांकडे जाऊन या. ते नाही म्हणाले तर विषय संपला.”

मास्तर आता चौऱ्याऐंशीचे. दुसऱ्या दिवशी सकाळी थांबाबाई आणि वकीलबाई त्यांच्या घरी गेल्या, तेव्हा ते खिडकीशी बसून शेजारच्या घरात पियानो शिकणाऱ्या मुलीच्या चुका मोजत होते. “सतरा,” त्यांनी स्वागतालाच सांगितलं. “काल एकवीस होत्या. प्रगती आहे.” सुनेने खुर्च्या आणून ठेवल्या. थांबाबाईंनी पिशवीतून पानाची प्रत काढली आणि उशिरा का होईना, ते पान मास्तरांना मोठ्याने वाचून दाखवलं. शब्द, चाल, वाद्यं, आवाज, मुद्रण. साक्षीदारापाशी आल्यावर भावाचं नाव वाचलं.

“साक्षीदार?” मास्तर म्हणाले. “कसला साक्षीदार? अहो, मी तुम्हाला सांगितलं होतं ना, चालीत लिहा म्हणून!”

“हो. मी नाही लिहिलं.”

मास्तर खिडकीकडून त्यांच्याकडे वळले. “मी प्रत्येक सभेत सांगतो,” ते म्हणाले, “की त्या दोन ओळी एका वायरमनच्या. लोक टाळ्या वाजवतात. त्यांना वाटतं म्हातारा विनय दाखवतोय. मी म्हणायचो, नसेना का पटत तुम्हाला, कागदावर आहे सगळं, बाईंनी लिहून ठेवलंय.” त्यांचा आवाज चढला. “सव्वीस वर्षं मी तुमच्या कागदाची साक्ष काढतोय आणि कागदावर हे?”

थांबाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही आणि सबबही सांगितली नाही. “चुकले मी, मास्तर,” एवढंच म्हणाल्या.

“आणा इकडे,” मास्तर म्हणाले. वकीलबाईंनी संमतीचा मजकूर तयार केलाच होता. मास्तरांनी तो आधी पूर्ण वाचून दाखवायला लावला, मग सही केली. निघताना त्यांनी थांबाबाईंना परत बोलावलं. “तुम्ही आज आलात, ते चांगलं केलंत,” ते म्हणाले. “मी आणखी किती दिवस आहे कोण जाणे.” शेजारी पुन्हा पियानो सुरू झाला आणि त्यांनी बोट वर करून मोजायला सुरुवात केली.

आता राहिला दादा. ते काम बाईंना सगळ्यांत जड होतं. मालकांशी भांडता येतं, मास्तरांची बोलणी खाता येतात, पण ज्याचं घेतलं त्याच्यासमोर जाऊन बसायचं म्हणजे पाय उचलत नाही. रस्ताभर त्या पिशवीतलं पान पुन्हापुन्हा चाचपत राहिल्या. वकीलबाईही सोबत होत्या.

दादा अडुसष्ट वर्षांचे. गुडघ्यांनी शिडी सोडायला लावली तेव्हापासून घराच्या पुढच्या खोलीत शेजारपाजारचे पंखे, इस्त्र्या दुरुस्त करत. त्या दिवशीही टेबलावर एक मिक्सर पोट उघडून पडला होता. “ये गं चिमणे,” ते म्हणाले. “आणि या कोण? बसा बसा, ती खुर्ची नको, तिचा पाय मोडलाय. अगं, चहा टाक,” असं आतल्या खोलीकडे वळून ओरडले. वहिनी आतूनच “टाकलाय” म्हणाल्या.

बाईंनी एका दमात सगळं सांगितलं. दादा मिक्सरच्या तारांकडे बघत ऐकत होते. मध्येच एक तार त्यांनी नखाने सोलली. सांगून संपलं तेव्हा म्हणाले, “एवढंच ना? राहू दे की मग. इतकी वर्षं राहिलंय.”

“राहू कसं दे? तुझं नाव आहे ते.”

“आणि तुझं? बाजारात सगळे म्हणतात, थांबाबाईचं पान म्हणजे दगडावरची रेघ. मी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगतो, माझी बहीण आहे ती. उद्या म्हणतील, बाईने भावासाठी कागद फिरवला. मला नको तसलं नाव.”

“कागद मी तेव्हा फिरवला होता, दादा. आज सरळ करतेय.”

वकीलबाईंनी घसा साफ केला. “काका, मला एक सांगा, त्या ओळी तुम्ही कशा म्हटल्या होत्या?” त्यांना खात्री करून घ्यायची होती, ते त्यांचं कामच होतं. दादा आधी लाजले, मग मिक्सर जरा बाजूला सरकवून त्यांनी त्या दोन ओळी म्हटल्या. आवाज आता खरबरीत झाला होता, पण शेवटचा स्वर त्यांनी तसाच खाली सोडला. चहा घेऊन आलेल्या वहिनी दारातच थांबल्या. वकीलबाईंनी वहीत काहीतरी लिहायला घेतलं होतं ते लिहिलं नाही.

मग त्यांनी मूळ पानासारखेच रकाने असलेलं दुरुस्तीचं पान टेबलावर ठेवलं. बहिणीने वाचून चालणार नव्हतं, म्हणून त्यांनीच ते वाचलं. मधल्या दोन ओळींची चाल वायरमनची आहे, त्यांचं नाव चालीच्या रकान्यात मास्तरांच्या खाली यावं, मास्तरांची संमती सोबत जोडली आहे. त्याखाली थांबाबाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘मूळ नोंद मी जाणूनबुजून चुकीची केली. पान वाचून दाखवलं नाही. चूक माझी आहे.’

“हे खोडा,” दादा म्हणाले.

“दादा…”

“जाणूनबुजून काय? चोर आहेस का तू? हे खोड, मग मी सही करतो. नाहीतर तुझं पान तू घेऊन जा.”

“जाणूनबुजूनच केलं रे,” थांबाबाई म्हणाल्या. “तेच खरं आहे. ते खोडलं, तर हेही पान खोटं होईल. मग मी कुठल्या तोंडाने कुणाला थांबा म्हणू?”

चहावर साय धरली. वहिनींनी हळूच कप पुढे सरकवला, तो दादांनी घेतला नाही. त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं, ते उमटतंय का हे तळहातावर रेघ ओढून बघितलं, आणि बहिणीच्या अक्षराखाली जी दोन बोटं जागा उरली होती तिथे सावकाश लिहायला लागले. वायरमनचं अक्षर, मोठं आणि सुटं. वकीलबाईंना वाटलं, सही करतायत. पण ते लिहीतच राहिले.

लिहून झाल्यावर त्यांनी पान वकीलबाईंकडे दिलं. “वाचा,” म्हणाले. “वाचल्याशिवाय सही नाही, असा आमच्या घरातला कायदा आहे.”

वकीलबाईंनी वाचलं : “‘साक्षीदाराच्या जागी सही मी तेव्हा वाचूनच केली होती. कुठे करतोय ते मला ठाऊक होतं.’”

थांबाबाईंनी भावाकडे पाहिलं. “तुला माहीत होतं?”

“मला वाचता येतं गं,” दादा म्हणाले. “शिडीवरून उतरलो, तू पान पुढे केलंस, आणि तुझं तोंड असं झालं होतं, जसं बाबांचा मार खायच्या आधी व्हायचं. नोकरीला चार महिने झालेले. पोरगी पहिलीत. म्हटलं, दोनच तर ओळी आहेत. आणखी सुचतील.”

“मग?” वकीलबाईंनी विचारलं. “सुचल्या?”

“नाही,” दादा म्हणाले आणि हसले. “नाही सुचल्या.”

मग त्यांनी पान पुन्हा आपल्याकडे ओढलं, चालीचा रकाना शोधला, मास्तरांच्या नावाखाली सही केली, आणि शाई वाळेपर्यंत पान दोन्ही हातांनी धरून ठेवलं.